विश्लेषण : सर्व्हरमधील डिस्कचे ‘आरसे’ काय असतात? हिंगोलीच्या ‘लायगो’साठी तेवढ्यावर का भागणार नाही?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. या प्रकल्पाचा विषय निघाला की चर्चा होते ती लेझर किरणांची, चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांची आणि त्यांच्या टोकांना टांगल्या जाणाऱ्या सुमारे ४० किलो वजनाच्या आरशांची. मात्र अशा वेधशाळेला आणखी एका प्रकारचे आरसे लागतात. ते सर्व्हरच्या खोलीत असतात. एका डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक नोंद त्याच वेळी दुसऱ्या डिस्कवरही लिहायची, या पद्धतीला ‘डिस्क मिररिंग’ म्हणतात. बँकांपासून रुग्णालयांपर्यंत असंख्य ठिकाणचे सर्व्हर याच पद्धतीवर चालतात. तरीही डेटा कायमचा नष्ट झाल्याच्या मोठ्या घटना जगात घडत असतात आणि अनेकदा त्या वेळी हे ‘आरसे’ शाबूत असतात. असे का होते, युनिक्स सर्व्हरवर डिस्क कशा सांभाळल्या जातात आणि हिंगोलीच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा का, याविषयी…

लायगो-इंडिया प्रकल्प काय आहे?

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड आणि लुइझियाना राज्यातील लिव्हिंगस्टन येथे ‘लायगो’च्या दोन वेधशाळा आहेत. तिसरी भारतात उभारण्यास केंद्र सरकारने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मंजुरी दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीने पायाभरणी झाली. वेधशाळा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर करण्यात आले. पुण्यातील ‘आयुका’, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय या प्रकल्पात आहेत. ‘आयुका’मध्ये लायगोच्या डेटाचे विश्लेषण करणारा ‘सारथी’ हा संगणकसंच आधीपासून कार्यरत आहे.

येथील डेटा हरवला तर काय बिघडते?

प्रयोगशाळेतील बहुतेक प्रयोग पुन्हा करता येतात. गुरुत्वीय लहर मात्र पृथ्वीवरून एकदाच जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी पहिली लहर टिपली गेली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याने ती निर्माण झाली होती. वेधशाळांना ती जाणवली जेमतेम ०.२ सेकंद. त्या क्षणाची नोंद हरवली असती, तर ती घटना पुन्हा पाहण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाची लहर आली. लिव्हिंगस्टन येथील शोधकात नेमका त्याच वेळी, विलीनीकरणाच्या साधारण एक सेकंद आधी, तांत्रिक गोंगाटाचा मोठा झटका नोंदला गेला. त्यामुळे तेथील स्वयंचलित यंत्रणेने ही घटना कळवलीच नाही. शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी उघडल्या, गोंगाटाचा भाग बाजूला काढला आणि त्याखाली लहरीची खूण स्पष्ट दिसली. त्यानंतर जगभरातील दुर्बिणींना आकाशाच्या कोणत्या भागात शोधायचे, हे कळवता आले. याचा अर्थ असा, की यंत्रणेने निरुपयोगी ठरवलेली नोंदही जपावी लागते. कोणती नोंद पुढे मोलाची ठरेल, हे लिहिताना माहीत नसते.

हा डेटा किती असतो?

लायगोची मुख्य वाहिनी सेकंदाला १६,३८४ वेळा मोजमाप घेते. जमिनीचे हादरे, तापमान, वारा, विजेचा दाब, आरशांची स्थिती अशा सहायक वाहिन्या दोन लाखांहून अधिक आहेत. लायगोने आपल्या संकेतस्थळावर दिलेल्या माहितीनुसार त्यांच्या संग्रहात साडेचार पेटाबाइटहून अधिक डेटा असून त्यात वर्षाला सुमारे ८०० टेराबाइटची भर पडणे अपेक्षित आहे. एक पेटाबाइट म्हणजे हजार टेराबाइट. वर्षाचे ८०० टेराबाइट म्हणजे दिवसाला सुमारे दोन टेराबाइट. २५६ जीबीचे आठ मोबाइल रोज काठोकाठ भरावेत, इतका हा ओघ आहे. तो रात्री किंवा सणासुदीला थांबत नाही.

डिस्क खरेच इतक्या वेळा बंद पडतात?

घरच्या संगणकाची हार्ड डिस्क पाच-सात वर्षे बिनबोभाट चालते, म्हणून ती टिकाऊ वाटते. शेकडो डिस्क एकत्र असल्या की चित्र बदलते. गूगलने २००७ मध्ये आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या वर्षातील डिस्क बंद पडण्याचे प्रमाण १.७ टक्के, तर तिसऱ्या वर्षात ते ८ टक्क्यांहून अधिक आढळले. डिस्कमध्ये स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवणारी ‘स्मार्ट’ नावाची यंत्रणा असते. मात्र बंद पडलेल्या अनेक डिस्कच्या बाबतीत या यंत्रणेने आधी कोणताही ठळक इशारा दिला नव्हता, असेही या अभ्यासात दिसले.

साधा हिशेब करून पाहू. वर्षाला केवळ दोन टक्के डिस्क जातात असे धरले, तरी हजार डिस्कच्या केंद्रात वर्षाला २० डिस्क जातील. म्हणजे दर १८ दिवसांनी एक. अशा ठिकाणी डिस्क जाणे हा अपघात नसून रोजच्या कामाचा भाग असतो. एक डिस्क गेली म्हणून काम थांबू नये, यासाठी मिररिंग वापरले जाते.

मिररिंग नेमके कसे होते?

समजा सर्व्हरमध्ये प्रत्येकी २० टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. मिररिंग केल्यावर वापरणाऱ्याला २० टेराबाइटची एकच डिस्क दिसते. फाइल साठवली की यंत्रणा तीच फाइल दोन्ही डिस्कवर लिहिते आणि दोन्हीकडून होकार आल्यावरच ‘काम झाले’ असे कळवते. वाचताना कोणत्याही एका डिस्कवरून वाचले तरी चालते, त्यामुळे वाचनाचा वेग वाढतो. एक डिस्क बंद पडली, तर दुसरीवर काम सुरू राहते आणि वापरणाऱ्याला अनेकदा पत्ताही लागत नाही. याची किंमत उघड आहे. पैसे दोन डिस्कचे जातात, जागा एकीचीच मिळते.

ही किंमत कमी कशी करायची, याचा विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका शोधनिबंधात मांडला. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याच्या या कल्पनेला ‘रेड’ हे नाव मिळाले. मिररिंग आधीपासून वापरात होते. या वर्गवारीत ते ‘रेड-१’ म्हणून ओळखले गेले. पुढच्या प्रकारांत पूर्ण प्रत न ठेवता एक ‘ताळा’ ठेवला जातो.

हा ताळा वसमतच्या हळद बाजारातील हिशेबासारखा समजून घेता येईल. तीन शेतकऱ्यांनी अनुक्रमे १२, २० आणि १५ पोती आणली. वहीत एकूण ४७ हा आकडाही लिहून ठेवला. उद्या मधल्या शेतकऱ्याची नोंद पुसली गेली, तर ४७ मधून १२ आणि १५ वजा करून २० हा आकडा परत मिळतो. ‘रेड-५’मध्ये गणित थोडे वेगळे असले, तरी तत्त्व हेच. त्यात एक डिस्क गेली तरी चालते. ‘रेड-६’मध्ये दोन ताळे असल्याने एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी चालते. दोन पोतींच्या नोंदी एकदम पुसल्या गेल्या, तर मात्र एका बेरजेवरून त्या काढता येत नाहीत. ‘रेड-५’ची मर्यादाही तीच आहे.

युनिक्स सर्व्हरवर हे काम कोण करते?

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी विकसित करण्यास सुरुवात केली. तिच्यात डिस्क, छपाईयंत्र, कळफलक अशी उपकरणेही फाइलसारखी हाताळली जातात. या सोयीमुळे खरी डिस्क आणि वापरणारा यांच्यामध्ये एक मधला थर घालता आला. या थराला ‘व्हॉल्यूम मॅनेजर’ म्हणतात. वापरणाऱ्याला तो एक सलग डिस्क दाखवतो. त्यामागे दोन डिस्क आहेत की बारा, त्यांपैकी आरसा कोण, हे तोच पाहतो.

सन कंपनीच्या सोलारिसमध्ये ‘डिस्कस्वीट’, आयबीएमच्या एआयएक्समध्ये ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर’, तर अनेक प्रणालींवर चालणारा ‘व्हेरिटास’ ही जुन्या पिढीतील नावे. आज सर्वाधिक दिसणाऱ्या लिनक्समध्ये हे काम गाभ्यातील ‘एमडी’ हा भाग करतो आणि त्याला ‘एमडीॲडम’ या आज्ञेने सूचना दिल्या जातात. आरशाची तब्येत पाहायची तर एक छोटी फाइल उघडावी लागते. दोन्ही डिस्क नीट असतील तर तेथे ‘यू’ हे अक्षर दोनदा दिसते. एक गेली की एका ‘यू’च्या जागी नुसती आडवी रेघ उरते. त्या रेघेकडे वेळेत लक्ष जाते का, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

या कामात दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक सर्व्हर सुरू होण्याशी संबंधित आहे. डेटाचा आरसा केला जातो, पण सर्व्हर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम एकाच डिस्कवर राहतो. नेमकी तीच डिस्क गेली, की दुसऱ्या डिस्कवर सारा डेटा शाबूत असूनही सर्व्हर उठत नाही. दुसरी चूक नावांची. सर्व्हर बंद करून सुरू केल्यावर डिस्कची क्रमवार नावे बदलू शकतात. काल जी ‘पहिली’ होती ती आज ‘दुसरी’ असते. नावावर विसंबून बिघडलेली डिस्क काढायला गेलेला माणूस चांगली डिस्क उपसून बसतो. त्यामुळे अनुभवी कर्मचारी डिस्कचा अनुक्रमांक तिच्या खणावर चिठ्ठी लावून लिहितात आणि काढण्याआधी तो पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहतात.

एक डिस्क गेल्यावर पुढे काय होते?

आरसा एका पायावर उभा राहतो. काम चालू असते, पण संरक्षण संपलेले असते. नवी डिस्क बसवल्यावर उरलेल्या डिस्कवरून सगळा डेटा तिच्यावर उतरवला जातो. अनेक केंद्रांत यासाठी एक राखीव डिस्क आधीच जोडून ठेवलेली असते. बिघाड होताच यंत्रणा स्वतःच तिच्यावर नक्कल सुरू करते.

यातला खरा धोका वेळेचा आहे. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरली, तरी एक लाख सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास लागतात. सर्व्हरवर इतर काम चालू असेल तर त्याहून जास्त. या काळात उरलेली डिस्क सलग वाचली जात असते. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या असतील, तर त्यांचे वय आणि झीजही सारखीच असते. एक गेली की दुसरीही जवळपास थकलेली असण्याची शक्यता असते. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी आरशाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या बॅचच्या डिस्क लावतात, काही ठिकाणी तीन प्रती ठेवतात.

मध्येच वीज गेली तर?

मराठवाड्यात हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या डिस्कवर नोंद लिहून झाली आणि दुसरीवर लिहिण्याआधी वीज गेली, तर आरशाच्या दोन बाजू वेगवेगळ्या होतात. वीज आल्यावर यंत्रणेला त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. त्यासाठी लिनक्समध्ये एक छोटा नकाशा ठेवता येतो. कोणत्या भागात लेखन सुरू होते, एवढेच त्यात टिपलेले असते. तो असेल तर पूर्ण डिस्क न तपासता तेवढाच भाग जुळवला जातो. ताळ्याच्या पद्धतीत अडचण अधिक गुंतागुंतीची असते. नोंद बदलली, पण बेरीज जुनीच राहिली, तर पुढे कधीतरी डिस्क गेल्यावर त्या बेरजेवरून चुकीची नोंद तयार होते. तज्ज्ञ याला ‘राइट होल’ म्हणतात. म्हणूनच सर्व्हरसाठी यूपीएस लागतो, आणि वीज फार वेळ गेली तर यूपीएस संपण्याआधी सर्व्हर रीतसर बंद करणारी व्यवस्थाही लागते.

दोन्ही डिस्क सुरू आहेत, मग डेटा बरोबरच असतो का?

नाही. डिस्क बंद न पडताही चुकीचा डेटा देऊ शकते. चुंबकीय पृष्ठभागावरील एखादा कण बदलतो, केबल किंवा नियंत्रकात गडबड होते आणि फाइलमधील काही अंक बदलतात. कोणताही इशारा मिळत नाही. युरोपातील ‘सर्न’ या संशोधन संस्थेने २००७ मध्ये आपल्या साठवणुकीची तपासणी केली, तेव्हा अशा मूक चुका प्रत्यक्ष आढळल्या होत्या.

साध्या आरशापुढे येथे पेच उभा राहतो. दोन डिस्क दोन वेगळी उत्तरे देत असतील, तर खरे कोणाचे? साक्षीदार दोनच आणि दोघांचे म्हणणे वेगळे, अशी ही स्थिती. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या ‘झेडएफएस’ या प्रणालीने यावर मार्ग काढला. डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत त्यावरून काढलेला एक तपासणी अंक वेगळ्या जागी जपला जातो. वाचताना तो अंक पुन्हा काढून जुळवला जातो. जुळला नाही तर आरशाच्या दुसऱ्या बाजूची प्रत घेतली जाते, ती बरोबर असल्याची खात्री केली जाते आणि बिघडलेली प्रत दुरुस्त केली जाते. ठरावीक काळाने संपूर्ण साठा वाचून तपासण्याच्या कामाला ‘स्क्रब’ म्हणतात. जे कधी उघडलेच जात नाही, तेही या तपासणीत वाचले जाते. लायगोसारख्या संग्रहासाठी हे महत्त्वाचे, कारण तेथील अनेक नोंदींना वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही.

आरसा म्हणजे बॅकअप का नव्हे?

आरसा समोर जे आहे ते दाखवतो. समोरची वस्तू काढून घेतली, तर आरशातूनही ती जाते. सर्व्हरवर फाइल पुसण्याची आज्ञा दिली, तर ती दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. व्हायरसने फाइल कुलूपबंद केली, तर दोन्ही प्रती कुलूपबंद होतात. मिररिंग डिस्कच्या मरणापासून वाचवते. माणसाच्या चुकीपासून नाही.

जपानमधील क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये हेच घडले. महासंगणकाच्या साठवणुकीवर बॅकअपचे काम करणारी एक आज्ञावली चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्या जागी ठेवण्यात आली. युनिक्समधील अशी आज्ञावली चालता चालता टप्प्याटप्प्याने वाचली जाते. त्यामुळे निम्मी जुनी, निम्मी नवी अशी सरमिसळ झाली आणि जुन्या नोंदवह्या पुसण्याऐवजी संशोधकांच्याच फाइल पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट डेटा आणि ३ कोटी ४० लाख फाइल गेल्या. १४ संशोधन गटांना याचा फटका बसला आणि त्यांपैकी चार गटांचा डेटा परत मिळवता आला नाही. एकही डिस्क बिघडलेली नव्हती. नुकसान करणारी आज्ञावली बॅकअपचीच होती.

दुसरी घटना दक्षिण कोरियातील देजॉन येथील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सरकारी डेटा केंद्राला आग लागली. तिची सुरुवात बॅटऱ्यांपासून झाली. सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ ही यंत्रणा त्यात जळाली. तिच्यातील ८५८ टेराबाइट डेटाची बाहेरच्या ठिकाणी प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने तशी प्रत ठेवली नाही, असे कारण पुढे आले. एका इमारतीत कितीही आरसे लावले, तरी इमारतच जळाल्यावर त्यांचा उपयोग उरत नाही.

मग लायगो काय करते?

लायगोच्या वेधशाळांतील नियंत्रण आणि विश्लेषणाचे संगणक लिनक्सवर चालतात. साठवणुकीसाठी अनेक वर्षे सोलारिस आणि सन कंपनीच्या फाइल प्रणालीही वापरल्या गेल्या. शोधकाकडून येणारा डेटा ६४ सेकंदांच्या तुकड्यांत फाइल करून लिहिला जातो. हॅनफर्डमध्ये हे लेखन करणारे दोन वेगळे संगणक समांतर चालतात. एक अडखळला तरी दुसऱ्याकडे तोच तुकडा असतो. म्हणजे येथे डिस्कबरोबर लिहिणाऱ्या संगणकाचीही जोडी आहे.

तेथून डेटा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅल्टेकच्या मुख्य संग्रहात जातो. तेथे डिस्कबरोबर चुंबकीय टेपही वापरली गेली आहे. कपाटात ठेवलेली टेप कोणत्याही सर्व्हरला जोडलेली नसते. त्यामुळे चुकीची आज्ञा किंवा व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. विविध देशांतील केंद्रांकडे प्रती पोहोचवण्यासाठी लायगोने ‘डेटा रेप्लिकेटर’ ही स्वतंत्र प्रणाली तयार केली होती. नंतर ‘सर्न’मध्ये विकसित झालेली ‘रुसिओ’ ही प्रणालीही वापरात आली. फाइल पोहोचली की तिचा तपासणी अंक मूळ फाइलशी जुळवला जातो. शिवाय ठरावीक काळानंतर निरीक्षणांचा डेटा सर्वांसाठी खुला केला जातो. जगभरातील विद्यापीठे तो उतरवून घेतात आणि त्यातूनही प्रती पसरतात.

डेटा सांभाळण्याच्या क्षेत्रात ‘३-२-१’ हा नियम सांगितला जातो. प्रती तीन, साठवणुकीची माध्यमे दोन आणि किमान एक प्रत दुसऱ्या गावी. आरसा या हिशेबात एकच प्रत धरला जातो.

हिंगोलीसाठी याचा अर्थ काय?

हिंगोलीची निवड झाली ती मुख्यतः शांत जमीन, सपाट भूभाग आणि मोठ्या रहदारीपासूनचे अंतर यामुळे. लहर टिपण्यासाठी हा एकांत हवाच. डेटा जपण्यासाठी मात्र एकाच ठिकाणावर विसंबून चालत नाही. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. त्यातून मोठे नुकसान झाले नाही. पण एकाच जागी असलेल्या साऱ्या प्रती एकाच वेळी धोक्यात येऊ शकतात, याची आठवण त्याने करून दिली. त्यासाठी येथून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या केंद्रांपर्यंत अखंड आणि वेगवान जोडणी लागते. दिवसाला टेराबाइटच्या घरात भरणारा डेटा साठत राहिला आणि बाहेर गेला नाही, तर तेवढ्या दिवसांची नोंद एकाच इमारतीच्या भरवशावर राहते.

दुसरा मुद्दा माणसांचा आहे. लायगो-इंडियाच्या निमित्ताने खगोलशास्त्रज्ञ आणि अभियंते यांची चर्चा होते. पण अशा वेधशाळेत रात्री दोन वाजता आलेला इशारा पाहणारे, अनुक्रमांक जुळवून डिस्क बदलणारे, स्क्रबचा अहवाल वाचणारे आणि बॅकअपमधून फाइल खरोखर परत येते का हे ठरावीक दिवशी करून पाहणारे सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर लागतात. शेवटचे काम सर्वांत जास्त टाळले जाते. परत मिळवून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही, हे संकट आल्यावरच कळते. लिनक्स शिकायला महागडी यंत्रे लागत नाहीत. जुन्या संगणकाला दोन डिस्क जोडून आरसा तयार करणे, मुद्दाम एक डिस्क काढून पाहणे आणि ती पुन्हा भरणे, हा सराव हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या महाविद्यालयातही करता येतो.

सामान्य वाचकाने यातून काय घ्यावे?

मोबाइलमधील फोटो ‘क्लाउड’वर जातात म्हणून ते सुरक्षित आहेत, असा समज सर्रास असतो. अनेक सेवांमध्ये मोबाइल आणि क्लाउड एकमेकांशी जुळलेले राहतात. मोबाइलमधून फोटो पुसला की क्लाउडवरूनही तो जातो. काही दिवस कचरापेटीत राहतो, एवढेच. म्हणजे तोही एक आरसाच. लग्नाचे फोटो, जमिनीची कागदपत्रे, मुलांची प्रमाणपत्रे यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी. काम झाल्यावर ती काढून ठेवावी आणि शक्य असेल तर दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवावी. वर्षातून एकदा ती जोडून दोन-चार फाइल उघडतात का, हेही पाहावे. पेटाबाइटच्या संग्रहाला जो नियम लागू होतो, तोच घरातल्या कपाटातील डिस्कलाही लागू होतो.